जाईची पाने आणि आठवड्याची गोळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार,

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्यातील तोंडाच्या व्रणांवर मी जे लिहिले, त्यावर आपण ऐरोलीहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तोंड येणे ही उष्णतेची साधी तक्रार असून जाईची पाने चावून आणि ज्येष्ठमध चघळून ती आठ दिवसांत जाते, आणि प्रत्येक फोड डॉक्टरांना दाखवायला सांगून मी आधीच गांजलेल्या रुग्णांना घाबरवते आहे, असे आपले म्हणणे आहे. आपल्या धाकट्या बहिणीला ल्युपस आहे, त्यामुळे या शब्दांमागची तळमळ मला समजते.

आपल्या एका आक्षेपात तथ्य आहे. ‘प्रत्येक फोड दाखवा’ हे माझे वाक्य सैल होते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, भर उन्हात ऐरोलीहून ठाण्याला येऊन, रांगेत बसणे हे ज्या आजारात ऊनच बाधते त्या आजाराच्या माणसाला किती महाग पडते, हे अकरा वर्षे हा आजार सांभाळताना मी स्वतः अनुभवले आहे. दोन आठवड्यांत न भरणारा, पुन्हा पुन्हा त्याच जागी येणारा, किंवा ताप, सांधेदुखी अथवा अंगावरचे चट्टे सोबत घेऊन येणारा व्रण दाखवावा, असे मी लिहायला हवे होते.

उष्णतेच्या मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. आपल्याकडे तोंड आले म्हणजे ते झोंबणारच, असे गृहीत असते. ल्युपसचा व्रण पुष्कळदा दुखतच नाही. 1982 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने ल्युपससाठी जे 11 निकष ठरवले, त्यांतील तोंडाच्या व्रणांच्या निकषात ‘बहुधा न दुखणारे’ असे शब्द आहेत, आणि ते डॉक्टरांनी पाहिलेले असावेत अशी अटही आहे. माझा पहिला व्रण मला असाच अपघाताने दिसला. दाढेत अडकलेली बडीशेप काढण्यासाठी मोबाईलचा टॉर्च लावून आरशात पाहत होते, तेव्हा टाळूवर चार आण्याच्या नाण्याएवढा, मधे किंचित खोलगट आणि कडेने लालभडक असा डाग दिसला. त्याच सकाळी मी गरम चहा प्यायले होते आणि काही जाणवलेसुद्धा नव्हते. तेव्हापासून दर रविवारी मी टाळू पाहते आणि काही आढळले तर फोटो काढून ठेवते, कारण पुढच्या तपासणीपर्यंत व्रण भरून गेलेला असतो.

घरगुती उपायांना मी नावे ठेवलेली नाहीत. जाईचा पाला मीही लहानपणी आजीच्या सांगण्यावरून चावला आहे. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, झोपताना फोडावर साजूक तूप, तिखट आणि आंबट काही दिवस बंद (मामलेदारची मिसळ आवडत असूनही) आणि मऊ ब्रश, एवढे मी आजही करते. ज्येष्ठमधाला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते. ल्युपसमध्ये दिले जाणारे प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइडही तेच करू शकते, आणि ल्युपसने मूत्रपिंडाला धक्का दिलेला असेल तर ही जोडी फार घातक ठरू शकते. रोगप्रतिकारशक्ती ‘वाढवण्यासाठी’ घेतल्या जाणाऱ्या गुळवेलीबद्दलही तेच म्हणेन. आपली प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीरावर उलटलेली आहे, आणि गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईतील डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

सगळे व्रण एकाच कारणाने येत नाहीत, ही गोष्ट मी फार त्रास सोसून शिकले. एकदा जिभेवर आणि गालाच्या आत पांढरा थर आला, तो नेहमीचाच प्रकार समजून मी ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे मलम आठवडाभर लावत राहिले. थर वाढतच गेला. दंतवैद्यांनी कापसाच्या बोळ्याने तो पुसला, तेव्हा तो दह्याच्या साईसारखा निघून आला आणि खाली लाल, ओलसर त्वचा दिसली. ती बुरशी होती. पोटात घेत असलेल्या स्टिरॉइडमुळे तिला वाव मिळाला होता आणि माझ्या मलमाने तिला खतपाणीच मिळाले. ल्युपसच्या व्रणावर गुणकारी असणारे मलम तिथे नेमके उलटे पडले, आणि म्हणूनच लावण्याआधी पाहावे हा माझा आग्रह आहे.

आता आपल्या प्रतिक्रियेच्या शेवटच्या ओळींकडे येते, कारण त्यांनीच मला हे उत्तर आजच लिहायला भाग पाडले. ‘आठवड्याची नवी गोळी सुरू झाल्यापासून बहिणीचे तोंड जास्तच येते, पण ते उन्हाळ्यामुळे असेल’, असे आपण ओघात लिहिले आहे. ती गोळी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध) असेल, तर तोंड येणे हा तिचा सर्वज्ञात दुष्परिणाम आहे. डॉक्टर बहुधा त्यासोबत फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व देतात. ते तिच्या चिठ्ठीवर आहे का आणि ती ते घेते का, हे कृपया पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही गोळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या वारी घ्यायची असते, आणि चुकून रोज घेतली गेली तर रक्तातील पेशी घटून जिवावर बेतू शकते. आज संध्याकाळीच तिच्या गोळ्यांची पाकिटे समोर घेऊन बसा आणि गोळ्या मोजा. जास्त गेल्या असतील, किंवा तोंडासोबत ताप, घशात फोड अथवा अंगावर निळे डाग असतील, तर पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. काय निघाले ते मला अवश्य कळवावे. मी वाट पाहते आहे.