खुलासा : बाष्परोधक थर कौलांच्या बाजूला नव्हे, आतून

‘माळ्यावरच्या खोलीत इन्सुलेशन भरताना बाष्परोधक थर (खोलीतली वाफ इन्सुलेशनमध्ये शिरू न देणारा पडदा) राहून गेला असेल, तर वरून, कौलांच्या बाजूने प्लास्टिक अंथरलं की झालं’ असा सल्ला फिरतोय. थंड हवामानात हे नेमकं उलटं आहे. थर उबदार बाजूला, म्हणजे खोलीच्या आतून हवा. २० अंश सेल्सिअस तापमानाची, ५० टक्के आर्द्रतेची हवा साधारण ९ अंशांवर दव सोडते. गार प्लास्टिकखाली तेच पाणी साचतं आणि वासे कुजतात.

सगळं उचकटायलाच हवं असंही नाही. खोलीच्या आतल्या जिप्सम बोर्डावर बाष्परोधक रंग चालतो. पण आधी वायरींची भोकं, कडेच्या फटी बुजवा. बोर्डातून झिरपते त्याहून कितीतरी जास्त वाफ तिथून निसटते (आणि नेमकं तेच कुणी बघत नाही). आत ओल असेल, तर ती सुकेपर्यंत काहीही झाकू नका.