म्युझिक चार्ज बघून परत फिरू नका

परवा आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर मी डिअर हेड इनबद्दल चार ओळी टाकल्या. पेन्सिल्व्हेनियात पोकोनोज डोंगरांच्या तोंडाशी डेलावेअर वॉटर गॅप नावाचं छोटंसं गाव आहे, तिथे जेवण आणि समोर लाइव्ह जॅझ, जाऊन या म्हटलं. तर पहिला प्रश्न काय आला? "म्युझिक चार्ज कशाला लावतात? जेवतोय ना आपण तिथे, मग गाण्याचे वेगळे पैसे का?" आणि त्यावर धडाधड अंगठे. ग्रुपवर वाद घालत बसायचं नव्हतं म्हणून तिथे काही बोलले नाही, पण विषय डोक्यातून जाईना म्हणून इथे सविस्तर लिहितेय. पोस्ट मोठी आहे, सावकाश वाचा.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. जिवंत माणसं समोर बसून वाजवतायत तिथे संगीत म्हणजे ताटात कडेला फुकट वाढलेलं लोणचं नाही. त्याचे पैसे द्यावेत, मनापासून द्यावेत, आणि दिले की मग नीट ऐकावं पण. असे लोक येतात म्हणूनच अशी ठिकाणं टिकतात, आणि येईनासे झाले की बंद पडतात. दोन्ही गोष्टींची उदाहरणं खाली देतेय.

आधी गावाबद्दल, कारण आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे गाव लांबून बघितलंय आणि त्यांना माहीत नाहीये. न्यू जर्सीच्या बाजूच्या माउंट टॅमनीचा रेड डॉट ट्रेल केलाय ना? वर पोचल्यावर खाली डेलावेअर नदीचं वळण दिसतं, समोर पेन्सिल्व्हेनियाच्या बाजूचा डोंगर दिसतो तो माउंट मिन्सी. त्या मिन्सीच्या पायथ्याशी हे गाव. हजाराच्या आतली वस्ती, मुख्य रस्ता एकच. अपालाचियन ट्रेल ही लांबच लांब डोंगरवाट या गावातूनच जाते, त्यामुळे उन्हाळ्यात पाठीवर मोठमोठ्या सॅक घेतलेले, महिनोन् महिने चालत आलेले हायकर रस्त्यात दिसतात, त्यांच्या झोपायची सोय गावातल्या चर्चमधे होते. आणि आपण काय करतो, टॅमनी उतरलो की गाडी काढून थेट एडिसन, पावभाजी. पावभाजी खावीच, माझं काही म्हणणं नाही, पण एकदा उलट्या दिशेने रूट 80 वरून नदीवरचा पूल ओलांडा, पूल संपला की लगेच एक्झिट आहे. पार्सिपनीहून तासाभराचा रस्ता.

डिअर हेड म्हणजे जुनी व्हिक्टोरियन इमारत, मोठे व्हरांडे, वर राहायच्या खोल्या, खाली बार आणि जेवणाची टेबलं, आणि त्या टेबलांच्याच खोलीत पियानो. स्टेज, लाइट, धूर असलं काही नाही. 1950 च्या दशकापासून तिथे जॅझ चालू आहे. मालक बदलले, वाजवणारे बदलले, संगीत टिकलं. एवढ्याशा गावात हे कसं काय जमलं हा प्रश्न मला पहिल्यांदा गेले तेव्हाच पडला होता, आणि त्याचं उत्तर फार छान आहे. महायुद्धानंतर पोकोनोजमधे मोठमोठी रिसॉर्ट्स होती, हनिमूनची हॉटेलं, रोज रात्री शो, प्रत्येक शोला बँड. न्यूयॉर्कच्या वादकांना तिथे पक्कं काम मिळायचं आणि घरं शहरापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून बरेच जण इकडेच राहायला आले. रिसॉर्टवर मालक सांगेल ते वाजवायचं आणि शो संपला की डिअर हेडला येऊन स्वतःला हवं ते वाजवायचं. जॉन कोट्स ज्युनिअर नावाचे पियानिस्ट तिथे वर्षानुवर्षं वाजवत होते, आणि त्यांना ऐकायला जवळच्या ॲलनटाउनचा एक किशोरवयीन मुलगा यायचा. त्याला तिथे पियानो वाजवायला मिळाला, कधी कधी तो चक्क ड्रम्सवरही बसायचा. तो मुलगा म्हणजे कीथ जॅरेट! पुढे जगभरातली मोठमोठी सभागृहं एकट्याच्या पियानोवर भरवणारा माणूस. 16 सप्टेंबर 1992 ला तो परत त्याच खोलीत येऊन वाजवून गेला, बासवर (उभं धरून वाजवायचं खर्जातलं मोठं तंतुवाद्य) गॅरी पीकॉक, ड्रम्सवर पॉल मोशन. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग 1994 मधे निघालं आणि उरलेलं 2024 मधे. 2018 च्या स्ट्रोक्सनंतर जॅरेटचं जाहीर वाजवणं थांबलं, त्यामुळे ती रात्र आता मला फारच मोलाची वाटते.

आता ऐकण्याबद्दल. यावेळी आईबाबा सांगलीहून आलेत, त्यांना घेऊन गेलो होतो. बाबांनी आयुष्यभर तबला ऐकलाय, जॅझचा कधी संबंध नाही. मला धाकधूक होती की त्यांना गोंगाट वाटेल. आमचं टेबल ड्रमरच्या अगदी जवळ आलं. आईचं सूप पिऊन झालं, माझा मासा आला, आणि तेवढ्यात वादकांनी एक संथ चाल सुरू केली. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि ब्रश घेतले, म्हणजे तारांचे पातळ झाडू असतात ते. डावा हात स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरतोय, उचलतच नाहीये, आणि उजवा हात त्या घासण्याच्या आवाजावर अगदी हलके ठोके टाकतोय, पायाने हायहॅट (झांजांची जोडी) दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बंद. आवाज इतका बारीक की बाबा पुढे वाकून बसले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डावा बघ त्याचा, एकदाही तुटला नाही." जेवण विसरूनच गेले. मग पुढच्या फास्ट गाण्यात सॅक्सोफोन चार बार (एक बार म्हणजे साधारण चार मात्रांचा गट) वाजवतो आणि ड्रमर त्याला चार बारमधे उत्तर देतो, असं आलटून पालटून सुरू झालं. बाबा लगेच म्हणाले, "अगं हे तर सवाल-जवाब!" मी त्यांना एवढंच सांगितलं की बत्तीस बारचं एक आवर्तन असतं, त्यात पहिली आठ बारची चाल दोनदा, मग मधे आठ वेगळे, मग परत पहिली. पुढच्या दोन आवर्तनांत त्यांनी टेबलावर बोटांनी मोजायला सुरुवात केली, आणि तिसऱ्याला जिथे सगळे एकत्र येऊन परत सुरुवात करतात तिथे त्यांचा हात बरोबर पडला. शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी ते बघितलं आणि त्यांच्याकडे बघून मान डोलवली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि मधल्या ब्रेकमधे दोघं व्हरांड्यात शेजारी शेजारी उभे होते!

सांगायचा मुद्दा हा की ते आजोबा तिथे ऐकायला आलेले होते, जेवता जेवता ऐकायला. बासचा सोलो सुरू झाला की खोलीतली कुजबुज आपोआप कमी व्हायची, कोणी "शूऽऽ" केलं नाही. ताटं घेऊन येणारी मुलगी क्षणभर भिंतीला टेकून थांबायची. सोलो संपला की टाळी, मग परत काटे-चमचे. आता कोणी म्हणेल की म्हणजे जेवताना तोंडाला कुलूप लावायचं का? अजिबात नाही. पियानिस्ट बिल इव्हान्सची 1961 ची न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधली रेकॉर्डिंग्ज ऐका, त्यात ग्लास वाजतायत, लोक बोलतायत, हसतायत, आणि ती जॅझमधली सगळ्यात सुंदर रेकॉर्डिंग्ज मानली जातात. त्यातही ड्रम्सवर हेच पॉल मोशन होते. तेव्हा ग्लासांचा आवाज चालतो. समोरच्याला ऐकू जाण्यापुरतं बोलणंही चालतं. वाजवणाऱ्याच्या वर आवाज चढवून ऑफिसच्या गप्पा मारणं चालत नाही, फोनवर स्पीकर लावून व्हिडिओ कॉल तर बिलकुल नाही.

याच्या उलट अनुभव आमच्या घराजवळच्या एका रेस्टॉरंटचा, नाव लिहीत नाही. शनिवारी लाइव्ह म्युझिक अशी पाटी बाहेर. आत एक तरुण मुलगा सॅक्सोफोन घेऊन किचनच्या दाराशी उभा, जाणारे येणारे त्याला धक्का देऊन जातायत, मागे लॅपटॉपवर ट्रॅक आणि डोक्यावरच्या टीव्हीवर मॅच, आवाजासकट. त्याने एक अवघड सोलो इतका सुंदर वाजवला, आणि एकही टाळी नाही. आम्ही दोघांनी वाजवली तर तो दचकला. अजून आठवलं तरी मला वाईट वाटतं. तिथे म्युझिक चार्ज नव्हता बरं का. फुकट होतं म्हणून कोणाला त्याची पडलेली नव्हती, मालकालाही नाही.

पैशांचा हिशोब पण एकदा करून बघा की. समजा खोलीत पन्नास खुर्च्या आहेत आणि माणशी वीस डॉलर. खोली पूर्ण भरली तरी हजार. त्यात चार वादक, प्रत्येकजण तास दीड तास गाडी चालवून आलेला, ड्रमवाल्याने सगळे ड्रम्स गाडीतून उतरवून लावलेले, दोन सेट (म्हणजे मधे ब्रेक घेऊन दोन बैठका) वाजवायचे आणि मध्यरात्री परत जायचं. पियानो ट्यून करायचा खर्च वेगळा. बर्फ पडला आणि अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर बघायलाच नको. आपण मराठी विश्वच्या (इथल्या मराठी मंडळाच्या) नाटकाला हौसेने तिकीट काढतो, मोठ्या स्टारचा शो आला की दोनशे डॉलर देऊन मुंगीएवढा गायक लांबून बघतो, आणि इथे चार हात अंतरावर बसून वाजवणाऱ्याला वीस डॉलर जड होतात? मला हे खरंच कळत नाही.

आणि हे फक्त अमेरिकेचं नाहीये हो. आपल्या मुंबईत चर्चगेट स्ट्रीटवर (आताचा वीर नरिमन रोड) पन्नास-साठच्या दशकात गेलॉर्ड, बॉम्बेलीज, व्हॉल्गा, ॲस्टोरियाचं व्हेनिस, एका रांगेत रेस्टॉरंटं आणि आत जॅझ बँड. वाजवणारे बहुतेक गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणी नोटेशन आणि व्हायोलिन शिकून आलेले. मडगावचे वादक-संगीतकार ख्रिस पेरी आणि त्यांच्याबरोबर गाणारी लोर्ना याच रेस्टॉरंटांमधली. हळदोण्याचे आंतोनियो व्हाझ, ज्यांना सगळे चिक चॉकलेट म्हणायचे, ते ट्रम्पेट वाजवायचे आणि आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर सिनेमासाठी काम करायचे. 'अलबेला'मधलं जे ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आपण आजही गणपतीत नाचताना ऐकतो ना, ते अशाच हॉटेल-रेस्टॉरंटांमधून आलेल्या माणसांचं आहे. दिवसा स्टुडिओ, रात्री रेस्टॉरंट, असं पोट चालायचं. दारूबंदीचा मार आधीच होता, मग डिस्को आणि रेकॉर्ड लावणं स्वस्त पडायला लागलं, आणि एकेक करून बँड गेले. मुंबईत 1978 मधे जॅझ यात्रा हा फेस्टिव्हल सुरू झाला, रंगभवनात उघड्यावर, सॉनी रोलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक पहिल्याच वर्षी येऊन वाजवून गेला. पुढे रंगभवन सायलेन्स झोनमधे आलं आणि तिथल्या मैफली थांबल्या.

गंमत बघा, त्याच 1978 मधे या इवल्याशा डेलावेअर वॉटर गॅपमधे फिल वुड्स, रिक चेंबरलेन आणि एड जूबर्ट यांनी सेलिब्रेशन ऑफ द आर्ट्स हा फेस्टिव्हल सुरू केला. फिल वुड्स म्हणजे बिली जोएलच्या 1977 च्या 'जस्ट द वे यू आर' या सगळ्यांना पाठ असलेल्या गाण्यात जो सॅक्सोफोन आहे, तो वाजवणारे. ते इथेच राहायचे, 2015 मधे गेले. त्यांनी स्थानिक शाळांमधल्या मुलांचा बँड उभा केला, तो या फेस्टिव्हलमधे वाजवतो. शेजारच्या ईस्ट स्ट्राउड्सबर्ग युनिव्हर्सिटीत सॅक्सोफोनवादक अल कोन यांच्या नावाने जॅझचा मोठा संग्रह आहे. म्हणजे नुसतं एक रेस्टॉरंट नाही, आजूबाजूला ऐकणारं अख्खं गाव तयार झालंय. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात आता इतके कॅफे निघतायत, कित्येकांना काहीतरी लाइव्ह ठेवायचं असतं. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, वादकाला दाराशी उभं करू नका. पियानो नसेल तर नसू दे, एक गिटार आणि एक बास पुरतो. टीव्ही बंद करा, टेबलं त्यांच्याकडे तोंड करून लावा, शंभर दोनशे रुपये म्युझिक चार्ज लावा आणि तो मेनूच्या पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. सुरुवातीला चार लोक उठून जातील, जाऊ देत.

ज्यांना डिअर हेडला जायचंय त्यांनी आधी फोन करून टेबल बुक करा, कोण वाजवणार आहे ते साइटवर असतं. पहिला सेट सुरू व्हायच्या आधी पोचा आणि मुख्य जेवण तेव्हाच मागवून टाका म्हणजे संथ गाण्यात सुऱ्या चालवाव्या लागत नाहीत. अगदी पुढचं टेबल ड्रम्सजवळ येतं, कानाला त्रास होत असेल तर एक रांग मागे. जाताना उजेड असेल तर गावातल्या बेकरीतून ॲपल पाय घ्या.

फेस्टिव्हल सप्टेंबरमधे असतो, लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) वीकेंडला. बाबांनी परतीचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलंय, आम्ही जाणार आहोत, गाडीत दोन जागा आहेत. यायचं असेल तर कमेंटमधे सांगा.