कोकणी माणूस खेकडा असता, तर चरीचा संप सहा वर्षं टिकला नसता

आमच्या वाडीच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. टोपलीतल्या खेकड्यांची गोष्ट. एक वर चढला की बाकीचे त्याचा पाय ओढतात, म्हणून टोपलीला झाकण लागत नाही. खाली लिहिलेलं असतं: कोकणी माणूस असाच, कधी एकत्र येत नाही. एकदाच आला, गिरणी संपात, तर गिरण्याच बुडाल्या. म्हणून गरिबाने संघटनेच्या नादी लागू नये, सरकार योजना देतंच आहे.

काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायकांबरोबर मी काम करते. हा मेसेज त्यांच्याही फोनवर जातो. म्हणून हे उत्तर.

आधी "कधी एकत्र येत नाही" हे घेऊ. अलिबाग तालुक्यातलं चरी गाव. तिथे खोती होती, म्हणजे गावाचा सारा सरकारसाठी गोळा करणारा खोत हाच जमिनीचा मालक होऊन बसलेला. राबायचं कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या घरी, वर फुकटची वेठ होतीच. ऑक्टोबर १९३३ मध्ये शेतकऱ्यांचे पुढारी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. एक पावसाळा भात लावलं नाही तर वर्षभर चुलीवर काय चढणार, हे कोकणात कुणाला सांगायला नको. या लोकांनी सहा वर्षं शेतं पडीक ठेवली. सरपण विकलं, मिळेल ती मजुरी केली, पण संप मोडू दिला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा थेट विधिमंडळावर गेला. त्यात कुणबी होते, महार होते, गावात एका पंगतीला न बसणारी माणसं रस्त्यावर एका रांगेत चालली. खोती संपवणारा कायदा १९४९ मध्ये झाला. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या सातबाऱ्यावर आज जे नाव आहे, त्यामागे ही माणसं आहेत. त्यांना खेकडे म्हणायचं?

इतकं मागे जायचं नसेल, तर ग्रामस्थ मंडळं आठवा. लालबाग-परळला गावाची एक खोली. पाळीपाळीने झोपायचं, महिन्याची वर्गणी काढायची आणि त्यातून गावची शाळा, देऊळ उभं करायचं. मंडळाची पावतीबुकं ज्यांच्या माळ्यावर अजून पडून आहेत, त्यांनीच हा मेसेज पुढे ढकलावा याचं मला वाईट वाटतं.

आता मुंबईतल्या कापड गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संप हरला, हे मान्यच केलं पाहिजे. मनीऑर्डरी थांबल्या, आमच्याकडे कितीतरी घरांत पेज आणि सुकट यांवर दिवस निघाले. पण गिरण्या संपानेच बुडाल्या, हे अर्धंसुद्धा खरं नाही. अनेक मालकांनी यंत्रं वर्षानुवर्षं बदलली नव्हती. कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर स्वस्तात विणून मिळत होतं. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली, आणि त्या जमिनीचा भाव कापडापेक्षा कितीतरी जास्त होता. शिवाय १९४६ च्या कायद्याने गिरणी कामगारांच्या वतीने बोलायचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगारांना ती नको होती, तरीही. आपलं म्हणणं कुणी मांडावं हे कामगारांना ठरवता येईना, संप पेटायचं हेही एक मोठं कारण.

त्याच गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडाल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकटीला दारात उभं न करणाऱ्या बँकेने गटाला कर्ज दिलं. या संघटनेने कुणाचा धंदा बुडाला?

राहिलं "सरकार देतंच आहे". राज्यात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. पुण्यातल्या मोलकरणी १९८० पासून संघटना करून झगडत होत्या. म्हणजे दिलेलं नाही, मागून घेतलेलं आहे. आणि कायदा झाल्यावरही तो घरापर्यंत चालत येत नाही. बांधकाम मजुरांसाठीही असंच कल्याण मंडळ आहे, पण त्यात नोंदणीसाठी आदल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. एकट्या बाईने त्यासाठी एसटी बदलत हेलपाटे घालायचे, तर प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडते. वीस जणी मिळून गेल्या की एकीने अर्ज आणायचे, दुसरीने भरायचे, आणि मग साहेबही "उद्या या" म्हणायला कचरतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्याकडे काजू सोलायचा पैसा किलोवर मिळतो. अख्ख्या गराला जास्त, तुकड्याला कमी. टरफलाच्या तेलाने कातडी जाते म्हणून बायका हाताला राख चोळतात. एका ठिकाणी वजन रोज थोडं कमी भरायचं. एकेकटी बोलली की "तुझंच चुकलं असेल" एवढंच ऐकायची. मग सगळ्यांनी एक वही केली आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीचं वजन तिच्यासमोर लिहायला लागल्या. शाळा सुटलेल्या दोघींना आकडे लिहिता येत नव्हते, त्यांचे शेजारणीने लिहिले. आता आठवड्याच्या हिशेबाला मालकाच्या वहीशेजारी ती वही उघडून ठेवतात.