तीन पानांच्या साइटला वीस प्लगइन

कोथरूडमधल्या एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाची वेबसाइट तुमच्या गळ्यात पडली आहे? अभिनंदन. मजकूर काय, तर पत्ता, कार्यकारिणी आणि महिन्यातून एकदा ‘व्याख्यान, सायंकाळी ५, नंतर चहापान’. सगळं पोस्टकार्डावर मावेल. म्हणजे डेटाबेस हवाच!

वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर घ्या. २००३पासून चालत आलंय, पाच मिनिटांत बसतं आणि बसता बसता मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये १२ टेबलं मांडतं. पुढे तुम्ही त्याच्यापाशी बसायचं. संपर्काच्या फॉर्मला एक प्लगइन (वरून जोडायचा तुकडा), त्यातून येणारा कचरा अडवायला दुसरं, दोघांमुळे साइट रखडली की कॅशिंगचं, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच दाखवणारं, तिसरं, आणि कॅशमुळे जुनंच व्याख्यान दिसायला लागलं की कॅश पुसायला चौथं. (नुसता फोन नंबर दिला असता तरी भागलं असतं, पण मग लोक फोन करतात.)

शीर्षक लांबलचक मराठीत द्या आणि स्लगला, म्हणजे शीर्षकावरून बनणाऱ्या पानाच्या वेबपत्त्याच्या तुकड्याला, हात लावू नका. पत्त्यात देवनागरीच्या एकेका अक्षराच्या, काना-मात्रेच्यासुद्धा, नऊ-नऊ खुणा होतात आणि वर्डप्रेस स्लग २०० खुणांवर छाटतं. ‘मधुमेहींसाठी आहार आणि व्यायाम’ यातला व्यायाम ‘व्’वरच दमतो.

अॅडमिनचा ईमेल भाच्याचा द्या, तोही हिंजवडीतल्या ऑफिसचा. एक दिवस होस्टिंगवाला वर्डप्रेसची भाषा पीएचपी हिची ७.४ आवृत्ती काढून ८ चढवेल, फुकटात मिळालेली थीम (साइटचा साज) आपटेल आणि साइटच्या जागी गंभीर चुकीची एक ओळ उरेल. दुरुस्तीसाठी आत शिरायची लिंक वर्डप्रेस इमानेइतबारे त्याच ईमेलवर पाठवतं. भाच्याने नोकरी मागच्या दिवाळीतच सोडलेली असते. बॅकअप? तो त्याच सर्व्हरवर ठेवा, म्हणजे दोघं एकत्र जातील.

कोणी ह्यूगो हे डेटाबेसशिवाय साधी पानं बनवणारं सॉफ्टवेअर सुचवलं तर त्याला अमृततुल्य पाजून वाटेला लावा. एकच फाइल असलेला प्रोग्राम, मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे मोजक्या खुणा घातलेल्या साध्या फाइलीत, एक कमांड दिली की पब्लिक नावाचा फोल्डर तयार. तो सर्व्हरवर चढवला की संपलं. लॉगिन नाही, मग पासवर्ड चाचपणारे बॉट रात्रभर ठोठावणार कुठे? ह्यूगोची ती फाइल साइटसोबतच पेनड्राइव्हवर ठेवली तर नव्या आवृत्तीत थीम मोडायचीही सोय राहत नाही. एवढ्या निवांतपणाचं करायचं काय?

मनस्तापाची एक जागा मात्र तिथेही आहे. पानाच्या तारखेच्या रकान्यात व्याख्यानाची तारीख टाका. पुढच्या तारखेचं पान ह्यूगो मुद्दाम सांगितल्याशिवाय बनवतच नाही, त्यामुळे व्याख्यान होऊन गेल्यावर साइट बनवाल तेव्हाच ते झळकेल.

आणि सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, डोमेन, म्हणजे साइटचा वेबपत्ता, भाच्याच्याच नावावर. नूतनीकरणाची स्मरणपत्रं त्याच्याकडे जातील, मुदत संपेल, नाव दुसरंच कोणी उचलेल. वर्धापनदिनाच्या छापील पत्रिकेवरचा पत्ता अध्यक्षांनी नातवाकडून उघडून घेतला, की समोर ऑनलाइन रमी.