उपासाचं रताळं आणि परकी जनुकं

आषाढी आली की माझ्या भिंतीवर दोन गोष्टी हमखास येतात. गुळातल्या रताळ्याच्या चकत्यांचे फोटो, आणि 'जीएम (म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेली पिकं) म्हणजे निसर्गाशी खेळ' असले फॉरवर्ड. पुष्कळदा दोन्ही टाकणारा माणूस एकच असतो.

तर मंडळी, त्या चकत्यांमध्ये जिवाणूची जनुकं आहेत. कुठल्या कंपनीने घातलेली नाहीत. पेरूमधल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्रात रताळ्यावरचे विषाणू शोधताना भलताच डीएनए हाती लागला, अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा. मग बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या लोकांबरोबर त्यांनी खोलात जाऊन तपासलं आणि २०१५ मध्ये छापलं. लागवडीच्या रताळ्याचे २९१ नमुने पाहिले, २९१ मध्येही तो तुकडा सापडला. जवळच्या रानटी भावंडांत मात्र नाही.

हा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम भारी चीज आहे. राहतो मातीत. झाडाला जखम झाली की तिथून घुसतो आणि स्वतःच्या डीएनएचा तुकडा पेशीत सोडतो. तो थेट झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. मग पेशी वाढीची संप्रेरकं करत सुटतात, गाठ येते, आणि त्या गाठीत झाड या जिवाणूच्याच उपयोगाचं अन्न बनवायला लागतं. दुसऱ्याच्या चुलीवर आपली खाणावळ! जिवाणूचा डीएनए झाडाच्या पेशीत जातो हे अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-डेल चिल्टन यांच्या गटाने १९७७ मध्ये दाखवून दिलं आणि पुढे शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलली. २००२ साली आपल्याकडे मंजूर झालेल्या बीटी कापसात बोंडअळी मारणारं जनुक घालायला वापरला तो हाच जिवाणू.

आणि रताळं एकटं नाही. कापूसवाल्यांना छळणारी पांढरी माशी घ्या. झाडं स्वतःच्या बचावासाठी जी विषारी द्रव्यं करतात, ती निष्प्रभ करणारं एक जनुक तिच्याकडे आहे, आणि ते मुळात वनस्पतीचं! चिनी संशोधकांनी २०२१ मध्ये हे मांडलं. नुसतं मांडून थांबले नाहीत. माशीचं ते जनुक बंद पाडणारी टोमॅटोची झाडं तयार केली, आणि ती खाऊन माश्या मेल्या. आपलं तरी काय? आईच्या पोटात वार (प्लॅसेंटा) तयार व्हायला लागणारं सिन्सिटिन हे प्रथिन एका प्राचीन विषाणूच्या जनुकातून आलंय. वंशवृक्ष म्हणून फांद्या काढतो खऱ्या, पण या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारणारेही बरेच आहेत.

म्हणून 'एका जातीचं जनुक दुसरीत जाणं निसर्गात होतच नाही' हे वाक्य कृपा करून सोडा.

आता पलीकडच्या, जीएमच्या बाजूच्या गटातले टाळ्या वाजवतील, त्यांनाही सांगतो. निसर्गात होतं म्हणून कुठलंही नवं वाण आपोआप निर्धोक ठरत नाही. नागाचं विषही नैसर्गिकच. रताळं माणसाने हजारो वर्षं खाऊन पाहिलंय, नव्या वाणाला तो दाखला नाही, त्याच्या चाचण्या व्हायलाच हव्यात. शिवाय २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस फस्त केला तेव्हा यवतमाळच्या शेतकऱ्याला जनुक परकं की घरचं याच्याशी काय घेणं होतं? त्याचं बियाणं महाग, फवारणीचा खर्च वेगळा, आणि बोंडं किडलेली.

बीटी वांग्यावर आपल्याकडे २०१० पासून स्थगिती आहे, शेजारच्या बांगलादेशात २०१४ पासून ते पिकतंय. त्याच्या चाचण्यांवर, बियाण्याच्या मालकीवर, अळीच्या प्रतिकारशक्तीवर भांडायचं असेल तर कमेंटमध्ये या, मीही बाह्या सरसावून बसलोय. नुसतं 'परकं जनुक, परकं जनुक' करायचं असेल तर मला टॅग करू नका.