‘सुई टोचली की गाठ चवताळते’ म्हणे!

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर पुन्हा फिरू लागलाय. म्हणणं असं: स्तनात गाठ लागली तर सुई टोचून घेऊ नका, सुरी तर लावूच देऊ नका, कॅन्सर चवताळतो. साखर आणि सोयाबीन बंद करा, गाठ उपाशी मरते. डॉक्टरांची हार्मोनची गोळी उलट कॅन्सर वाढवते. सहा महिने काढा घ्या, मग बघू.

आधी सुई, कारण खरी भीती तिथे आहे. ती उगाच आलेली नाही. बाई दवाखान्यात पोचायची तेव्हा गाठ फुटायला आलेली असायची. ऑपरेशन व्हायचं, काही महिन्यांत बाई जायची आणि गाव म्हणायचं, सुरी लावली म्हणून गेली. रोग आधीच हाडांत, फुफ्फुसात पोचला होता, ते कोणाला दिसत नव्हतं.

ट्रुकट बायोप्सीत, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा तपासायला काढतात तेव्हा, सुईच्या वाटेवर थोड्या पेशी सरकतात, हे खरं. पण त्यातल्या बहुतेक तिथे तगत नाहीत आणि त्यापायी बायकांचं आयुष्य घटल्याचं दिसलेलं नाही. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे मात्र ही सुईच सांगते. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतातच. तरुण मुलींत तर फायब्रोॲडिनोमाच जास्त, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ.

आता गंमत बघा. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागून पेशी निसटत असतील का, ही शंका मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटालाही होती. म्हणून त्यांनी ऑपरेशन टाळलं नाही, चाचणी घेतली. देशातली ११ केंद्रं, १,६०० बायका. निम्म्या जणींना ऑपरेशनआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती चहूबाजूंनी लिग्नोकेन टोचलं, दात काढताना हिरडीत देतात तेच स्वस्तातलं भुलीचं औषध. २०२३ साली निकाल छापून आला. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिग्नोकेनच्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४. म्हणजे गाठीभोवती सुई टोचून जीव वाचले! आणि ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्यातल्याही शंभरातल्या ८६ जणी सुरी लावूनच हयात होत्या.

‘काढायचं तर सगळं स्तन काढा’ हा सल्लाही त्याच मजकुराच्या शेपटीला आहे. अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी २० वर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये दाखवलं की लवकरच्या टप्प्यात फक्त गाठ काढून शेक (रेडिएशन) दिला तरी आयुर्मान तेवढंच राहतं. शेकाचं यंत्र घरापासून लांब असेल तर हिशोब बदलतो, पण तो प्रवासाचा आणि खर्चाचा.

साखरेचं काय? तुम्ही खाल्ली नाहीत तरी यकृत रक्तातली साखर राखतंच, त्यामुळे गाठ उपाशी मरत नाही. केमो चालू असताना उपाशी राहते ती बाई. वजन आणि रक्त घसरलं की पुढचा डोस लांबतो. पाळीनंतरच्या वयात लठ्ठपणाने धोका वाढतो, कारण चरबीत इस्ट्रोजेन तयार होतं आणि या बायकी हार्मोनवर स्तनाचे बरेच कॅन्सर वाढतात. पण तो मुद्दा या मजकुरात नाही! सोयाबीनबद्दल शांघायच्या ५,०४२ रुग्ण बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला: जास्त सोया खाणाऱ्यांत रोग उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. ही निरीक्षणं आहेत, त्यामुळे सोया म्हणजे औषध नव्हे. पण सोयाबीनच्या भाजीला घाबरायचं कारणही नाही.

गोळीबाबत दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. पाळी गेल्यावर त्रास कमी व्हावा म्हणून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोनं एकत्र देतात, त्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००२ साली दिसलं. कॅन्सरनंतर देतात ती टॅमॉक्सिफेन गोळी नेमकं उलट काम करते, स्तनातल्या पेशीवर इस्ट्रोजेनची वाट अडवते. रिपोर्टमध्ये ‘ईआर पॉझिटिव्ह’ असेल, म्हणजे गाठ इस्ट्रोजेनला दाद देणारी असेल, तर पाच वर्षं ती घेतल्याने या कॅन्सरने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात.

राहिले काढ्याचे सहा महिने. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर टाटाचाच अभ्यास झाला. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासत. पन्नाशीच्या आत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू फारसे घटले नाहीत. पन्नाशीपुढे मात्र जवळपास ३० टक्क्यांनी घटले. यंत्र नाही, महागडी चाचणी नाही. फक्त गाठ लवकर हाताला लागली आणि पुढे पाठवली गेली. काढ्यात नेमकी हीच वेळ जाते.