हलत नाही म्हणजे मेला, असं कोणी सांगितलं?

परवा न्यू जर्सीहून ताईचा मेसेज आला : 'खेकडा चार दिवस वाळूतून वर आलेला नाही. टाकून देऊ का?' भाचीने तिथल्या बीचवरच्या दुकानातून रंगीत शंखातला हर्मिट क्रॅब, म्हणजे दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, आणलाय. आणि ताई त्याला सांभाळतेय ती आमच्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या 'मुलांसाठी सर्वांत सोपा प्राणी' या मेसेजप्रमाणे! प्लास्टिकचा डबा, मूठभर वाळू, नळाचं पाणी, आठवड्याला एक बिस्कीट. शेवटची ओळ : 'तीन दिवस हालचाल नसेल तर मेला समजून फेकावा.'

या ओळीपायी किती जिवंत खेकडे कचऱ्यात गेले असतील! अहो, तो कात टाकत असतो. वाढायचं तर अंगावरचं जुनं कवच (शंख नव्हे) सोडावंच लागतं. त्यासाठी तो अंगात पाणी आणि चरबी साठवून वाळूत पुरून घेतो, कवच टाकतो, आणि कॅल्शियमसाठी तेच कवच खातो. नवीन कवच टणक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो. या सगळ्याला कित्येक आठवडे लागतात, मोठ्या खेकड्याला दोन महिनेसुद्धा. मध्येच उकरलं तर मात्र तो खरंच मरू शकतो. मेलेल्या खेकड्याला सडक्या मासळीचा वास सुटतो; तो येत नाही तोवर हात लावू नका. आणि मूठभर वाळूत तो पुरून घेणार कुठे? किमान सहा इंच थर हवा, वाळूचा किल्ला उभा राहील इतका ओला.

'डब्याला भोकं पाडा, हवा खेळू द्या' हेही घातकच. हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वासासाठी त्याला दमट हवाच लागते. प्राणिशास्त्रज्ञ पीटर ग्रीनअवे यांनी २००३ साली जमिनीवरच्या अशा खेकड्यांवर सविस्तर लेख लिहिलाय : यांचे कल्ले लहान झालेले असतात आणि शंखाच्या आत झाकलेली पोटाची ओलसर त्वचा श्वसनाचं काम करते. कोरड्या डब्यात तो हळूहळू गुदमरतो. झाकणाची काचेची टाकी आणि ८० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी.

बिस्किटाचं म्हणाल तर उरलंसुरलं तो खातो, एवढं मान्य. पण बिनमिठाचा सुका जवळा, खोबरं, फळाची फोड आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस द्या. पाण्याच्या वाट्या दोन, एक गोड्या आणि एक खाऱ्या पाण्याची. दोन्हींतलं क्लोरिन काढलेलं हवं, आणि खाऱ्यासाठी मत्स्यालयाचं सागरी मीठ वापरा, जेवणातलं नाही. शंखावरच्या रंगाचे पोपडे त्याच्या पोटात जातात. आकाराने जरा मोठे, न रंगवलेले दोन-तीन रिकामे शंख आत ठेवा, तो स्वतःच बदलेल.

मेसेजमधलं 'वर्षभर जगतो' हे तर धादांत खोटं. नीट सांभाळला तर तीस वर्षंही जगतो. यांची पिल्लं समुद्रात वाढतात, म्हणून दुकानातले जवळपास सगळे किनाऱ्यावरून पकडून आणलेले असतात.

ताई, तो डबा आत्ता हलवू नकोस. वाळू कोरडी पडली तर कडेकडेने थोडं पाणी सोड, आणि भाचीला सांग, तो खाली कामात आहे.